बोर्डावरचा दीड

रोज सकाळी साडेसहाला, पाहुणे अजून पडदे ओढून घोरत असायचे तेव्हा, मास्तर लहान मुलांच्या स्विमिंग पूलच्या काठावर उकिडवा बसायचा आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घालायचा. वरवरचं पाणी घ्यायचं नाही, ते फसवं असतं. कोपराइतक्या खोलीवरचं घ्यायचं. हातात प्लॅस्टिकची छोटी पेटी, तिला दोन नळ्या. एका नळीत पाच थेंब टाकले की पाणी पिवळं होतं. पाण्यात जितकं क्लोरीनचं औषध, तितकं पिवळं. दुसऱ्या नळीत दुसऱ्या बाटलीतले पाच थेंब, त्यानं पाणी गुलाबी होतं. नळ्यांच्या शेजारी रंगांच्या पायऱ्या छापलेल्या, फिक्यापासून गडदपर्यंत. नळी उजेडाकडे धरायची, पायरीशी जुळवायची आणि आकडा भिंतीवरच्या बोर्डावर खडूनं लिहायचा. औषध दीड. आंबटपणा सात पूर्णांक चार. खाली वेळ आणि सही.

या बोर्डामुळंच त्याला मास्तर नाव पडलं होतं. स्पामधला मालिशवाला, जिभेला हाड नसलेला माणूस, म्हणायचा, "चौथीत नापास झालेल्याला म्हातारपणी फळा मिळाला बघा. आता रोज आम्हाला गणितं घालतो." मास्तर हसायचा. पण बोर्ड लिहिताना त्याची पाठ ताठ व्हायची, हेही खरं. आईबाप मुलांना पाण्यात सोडण्याआधी बोर्ड वाचायचे. दीड म्हणजे काय नि सात म्हणजे काय, त्यांना काडीचं कळत नसे. कुणीतरी मोजलंय एवढं कळायचं, आणि तेवढ्या भरवशावर पोटचं पोर पाण्यात सोडून ते आरामखुर्चीत पाय पसरायचे.

हॉटेल समुद्राला चिकटून होतं. शंभर खोल्या, दोन जेवणघरं, एक स्पा आणि तीन पूल: मोठ्यांचा, पोरांचा आणि स्पाच्या आतला गरम पाण्याचा. कुंपणाच्या पलीकडे अख्खा समुद्र पसरलेला असताना माणसं अलीकडच्या डबक्यात का डुंबतात, याचं मालिशवाल्याला कायम नवल. मास्तर म्हणायचा, "समुद्राला कोण मोजतंय? इथं मोजलेलं पाणी आहे." बावीस वर्षं तो मोजत होता. या हॉटेलात पाण्याच्या कामाला जो कुणी नवा आला, त्याला मास्तरनंच शिकवलं, आणि पहिल्याच दिवशी एक गोष्ट सांगितली: "नाकावर जाऊ नकोस. पूलला औषधाचा वास मारायला लागला की लोकांना वाटतं औषध जास्त झालं. उलटं आहे. घाम, तेल, पोरांची शू, यांच्याशी झुंजून औषध मेलं की त्याचा वास सुटतो. वास म्हणजे मढं. वास आला की औषध वाढवायचं."

ही गोष्ट त्यानं किती जणांना सांगितली असेल, मोजदाद नाही. आणि हीच तो स्वतः विसरला. विसरला म्हणण्यापेक्षा, विसरल्यासारखं केलं.

झालं होतं असं, की चारेक महिन्यांपासून त्याच्या डोळ्यांपुढे धुकं यायला लागलं होतं. आधी वाटलं, चष्मा पुसायला झालाय. सदऱ्याच्या टोकानं पुसून पुसून काचेला चरे पडले, धुकं तिथंच. दिव्याभोवती कडं दिसायचं. भिंतीचं पांढरं पांढरं राहिलं नव्हतं, जुन्या कागदासारखं झालं होतं. आणि पिवळं तर हातातून निसटूनच गेलं. नळी उजेडाकडे धरली की पहिली पायरी, दुसरी पायरी, तिसरी, सगळ्या एकाच रांगेतल्या बहिणी. कोण थोरली, कोण धाकटी, कळायला मार्ग नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायला त्याला कुणी अडवलं नव्हतं. अडवलं ते बोर्डानं. पाण्याच्या मास्तरला रंग दिसत नाही ही गोष्ट एकदा दवाखान्याच्या पायरीवर गेली की हॉटेलच्या फाटकापर्यंत यायला किती वेळ? मग खडू दुसऱ्याच्या हातात. मग तो कोण? जाळीनं पानं काढणारा एक म्हातारा. एवढ्या भीतीपायी त्यानं झाकली मूठ झाकलीच ठेवली. नळ्या भरायच्या, थेंब टाकायचे, उजेडाकडे धरायच्या, सगळं अगदी विधीपूर्वक, आणि लिहायचं काल लिहिलं होतं तेच. दीड. सात पूर्णांक चार. बावीस वर्षांच्या अनुभवानं अंदाज काही फारसा चुकत नसे. औषधाचे डबे हाताच्या सवयीनं पडत होते आणि पाणीही बिचारं सवयीनं चांगलं राहत होतं. चार महिने.

या हॉटेलात त्याची धाकटी बहीण होती, लाँड्रीत. सगळे तिला लाँड्रीताई म्हणायचे, मास्तर छोटी म्हणायचा, हाक मारताना छोटे. नवरा गेल्यावर अकरा वर्षांपूर्वी मास्तरनंच तिला इथं आणलं होतं. त्यानं मॅनेजरबाईंना शब्द दिला होता, "माझी बहीण आहे, तुम्हाला बोलायला जागा ठेवणार नाही." आणि तिनं ठेवली नव्हती. लाँड्रीच्या मागं कामगारांच्या खोल्या होत्या, त्यात दोन घरं सोडून दोघं राहायची.

लाँड्रीचा एक नियम मोठा कडक होता. पोरांच्या पूलचे टॉवेल वेगळे, त्यांना काठाला पिवळी पट्टी. मोठ्यांच्या टॉवेलची पट्टी पांढरी. पांढरी पट्टी कडक साबणात, उकळत्या पाण्यात. पिवळी पट्टी सौम्य साबणात, तीनदा खळबळून. पूर्वी एका तान्ह्या बाळाच्या अंगावर कडक साबणानं पुरळ उठलं होतं, तेव्हापासून हा नियम. संध्याकाळी पूलवरचे ओले टॉवेल गोळा करून दोन डब्यांत टाकायचं काम मास्तरचं. पिवळी इकडं, पांढरी तिकडं. मास्तर ते रोज करायचा, झपाट्यानं. उगाच थांबून बघत बसलं तर लोकांना कळेल.

सुट्ट्या लागल्या आणि हॉटेल भरलं. पोरांच्या पूलमध्ये पाण्यापेक्षा पोरं जास्त. तिसऱ्या दिवशी सकाळी मास्तर काठावर बसला तर नाकात वास भसकन शिरला. त्यानं नळी उजेडाकडे धरली. धुक्यात धुकं. एरवी कुणी नव्या पोऱ्यानं असा वास सांगितला असता तर मास्तरनं त्याला दोन डबे जास्त टाकायला लावले असते. पण डोळा गेलेल्या माणसाला नाक हाच देव. इतका वास आहे म्हणजे औषध पडलंय भरपूर, असं त्यानं स्वतःला पटवलं, कारण तसं पटलं की रंग बघायची गरज उरत नव्हती. त्या दिवशी त्यानं औषध निम्मं केलं. दुसऱ्या दिवशी वास आणखी वाढला, त्यानं आणखी कमी केलं. बोर्डावर दीड.

पोरांच्या पूलच्या तळाला निळ्या फरश्यांचा एक मासा होता, शेपटी वळवलेला. पूल बांधला तेव्हापासूनचा. पाणी चांगलं असलं की त्याचे खवलेसुद्धा मोजता यायचे. आता मास्तरला तो नुसता एक निळा डाग दिसत होता. पण त्याला सगळंच असं दिसत होतं, माणसांची तोंडंसुद्धा. पाणी गढूळ झालंय की आपला डोळा, हे त्याला ठरवता येईना. कुणाला विचारावं, तर "जरा सांगता का, मासा दिसतोय का?" असं विचारणार कोण? मास्तर?

न विचारताच एकीनं सांगितलं होतं. समोरचे दोन दात पडलेली, पाच-सहा वर्षांची पोरगी, दंडाला फुगे बांधलेली. काठाला लटकून म्हणाली, "काका, मासा कुठे गेला?"

"कुठं जाणार? आहे तिथंच."

"नाही आहे. काल होता."

"नीट बघ," मास्तर जरा चढ्या आवाजात म्हणाला. "डोळे आहेत ना? नीट उघडून बघायचं."

पोरीनं घाबरून पाण्यात डोकं घातलं, डोळे उघडे ठेवून, नीट बघायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा मुलांचे डोळे लाल झाले. पापण्या सुजल्या, मांड्यांना नि पाठीला खाज. डॉक्टर येऊन थेंब देऊन गेले. काळजीचं काही नाही म्हणाले, पण काळजी करणाऱ्यांना तसं सांगून भागत नाही. स्वागतकक्षात आईबापांचा गराडा पडला. दुपारी मॅनेजरबाईंनी चौघापाच जणांना लाँड्रीत बोलावलं. त्या फार बोलणाऱ्या बाई नव्हत्या. ओरडायच्याही नाहीत, त्यामुळं लोक त्यांना जास्त भ्यायचे.

"सहाही मुलं पोरांच्या पूलमधली," त्या म्हणाल्या. "मोठ्या पूलमधल्या एकालाही काही झालेलं नाही. मास्तर, पाणी?"

सगळ्यांचे डोळे मास्तरकडे वळले. त्याच्या जिभेवर शब्द आला होता, अगदी दाताच्या मागं. तो म्हणाला, "बोर्डावर लिहिलंय, बाई."

हे खोटं नव्हतं. बोर्डावर लिहिलेलं होतंच.

"दीड. मी बघितलं," मॅनेजरबाई म्हणाल्या. बावीस वर्षांच्या दीडवर त्या कशाला शंका घेतील? त्या वळल्या. "मग राहिले टॉवेल. ताई, पिवळी पट्टी कडक साबणात गेली असणार."

लाँड्रीताईचे हात ओले होते. ती म्हणाली, "माझ्या हातून नाही गेली, बाई. एकदाही नाही."

"गर्दीत गेली असेल. तुझ्या लक्षात नसेल आलं."

"गर्दीतसुद्धा नाही. एकेक पट्टी बघून टाकते मी."

"मग सहा पोरांना आपोआप खाज सुटली?"

छोटीनं मान वळवली. ती आपल्याकडे बघतेय हे मास्तरला दिसलं नाही, चेहरा धुक्यातच होता. पण बघतेय हे कळलं. तसं कळायला डोळे लागत नाहीत. तिनं एवढंच विचारलं असतं, "दादा, तू सांग ना," तर कदाचित त्याचं तोंड उघडलं असतं. तिनं विचारलं नाही. भिंतीलगतचं यंत्र घरघरत होतं. मास्तर त्याची घरघर ऐकत उभा राहिला, जणू त्या घरघरीत त्याला काहीतरी महत्त्वाचं ऐकू येणार होतं.

"सहाही खोल्यांत जा," मॅनेजरबाई म्हणाल्या. "स्वतः जाऊन माफी माग. नवे टॉवेल घेऊन जा. बाकीचं सोमवारी बघू."

सोमवारी बघू म्हणजे काय, हे हॉटेलात सगळ्यांना माहीत होतं. याआधी दोघांचं सोमवारी बघितलं होतं. दोघंही मंगळवारी दिसली नव्हती.

मास्तर पूलवर परतला आणि जाळी घेऊन पानं काढायला लागला. पानं नव्हतीच. समोरच्या इमारतीला उघडे जिने होते. हातांवर घडी घातलेल्या टॉवेलचा मनोरा घेऊन छोटी एकेक मजला चढताना त्याला दिसत होती. चेहरा नाही, नुसती आकृती. एका दारापाशी आकृती थांबायची, दार उघडायचं, आकृतीची मान खाली जायची. पुन्हा पुढचं दार. मनोरा कमी कमी होत गेला. मास्तर रिकाम्या पाण्यातून जाळी फिरवत राहिला. मालिशवाला जवळ येऊन उभा राहिला. त्याला वाटलं असावं मास्तरला धीर द्यावा.

"घरातलीच चूक निघाली की हो. तुमची अडचण झाली, नाही? दोन्हीकडून." मग आवाज खाली आणून, "बहीण म्हणून सोडलं नाहीत, तिची बाजू घेतली नाहीत, याला म्हणतात सरळ माणूस."

मास्तरला वाटलं, याच्या तोंडात जाळी कोंबावी. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते त्याला शिव्यांनी नाही, त्या कौतुकानं कळलं.

संध्याकाळी बायकोनं ताट वाढलं आणि म्हणाली, "छोटीला काय झालंय? दार लावून बसलीय. हाक मारली तर म्हणाली, डोकं दुखतंय."

"थकली असेल," मास्तर म्हणाला. भाताचा घास तोंडात फिरत राहिला. बायको त्याच्याकडे बघत राहिली. तिलाही काही महिन्यांपासून दिसत होतं, तो पायमोजे वेगवेगळे घालतो, ताटातलं मीठ हातानं चाचपतो. पण विचारलं की अंगावर येतो, म्हणून तिनं विचारणं सोडलं होतं. त्याच्या घरात त्याच्या डोळ्यांबद्दल कुणी बोलत नसे. एवढा धाक त्यानं बसवला होता, आणि त्याला वाटत होतं की कुणाला माहीत नाही.

सकाळी सहाला तो पूलवर गेला. नळ्या भरल्या. थेंब टाकायला बाटली उचलली आणि तशीच खाली ठेवली. काठावर बसून राहिला थोडा वेळ. मग पेटी नि बाटल्या उचलून लाँड्रीत गेला.

छोटी एकटीच होती. यंत्रं तापायला लावली होती, चादरी मोजत होती. तो आत आला हे तिला कळलं, तिनं मान वर केली नाही.

"छोटे. जरा एक बघ."

"ठेव तिथं."

"ठेवून चालत नाही. लगेच बघावं लागतं." त्यानं तिच्यासमोर नळीत पाच थेंब टाकले, तोंडानं मोजत. झाकण लावलं, उलटीसुलटी केली. "यातलं पिवळं बघ. कुठल्या पायरीशी जुळतंय सांग."

छोटीनं आधी पदराला हात पुसले. नळी घेतली, ट्यूबलाइटखाली गेली, पेटी डोळ्यांसमोर धरली. बराच वेळ बघत होती.

"टाकलेस ना पाच?"

"तुझ्यासमोर टाकले."

"मग दादा, हे पहिल्या पायरीच्याही अलीकडचं आहे. उगाच पिवळं म्हणायचं म्हणून पिवळं. नुसतं पाणी आहे हे."

मास्तर चादरींच्या ढिगावर बसला. बोर्डावर काल दीड होता, परवा दीड होता. परवा मोठ्या आवाजात त्यानं एका पोरीला सांगितलं होतं, डोळे उघडून बघ.

"मला रंग दिसत नाही, छोटे," तो म्हणाला. "पिवळा तर अजिबातच नाही."

"माहितीय."

त्यानं मान वर केली.

"चार महिने झाले," छोटी म्हणाली. नळी अजून तिच्या हातात होती. "आधी एखादा टॉवेल असायचा चुकीच्या डब्यात. मग पाच. मग दहा. मग तर तू निम्मे इकडं निम्मे तिकडं, असंच टाकायला लागलास. मी रोज सकाळी अर्धा तास लवकर येते, दोन्ही डबे फरशीवर ओतते आणि निवडते. माझ्या हातून एकही पट्टी चुकीच्या साबणात गेली नाही म्हणाले ना काल? ती अशी नाही गेली."

लाँड्रीत तापणाऱ्या यंत्राचा टक टक आवाज येत होता.

"मग काल बोलली का नाहीस?" मास्तर म्हणाला. म्हणता म्हणताच त्याला कळलं, हा प्रश्न विचारायला आपलं तोंड नाही.

"तू बोलशील म्हणून थांबले होते," छोटी म्हणाली. "मधे यंत्र घरघरत होतं बघ. तेवढा वेळ थांबले. मग वाटलं, पहिल्या दारापर्यंत येशील. मग वाटलं, दुसऱ्या." तिनं नळी धुऊन पेटीत ठेवली, पेटी त्याच्या मांडीवर ठेवली आणि पुन्हा चादरी मोजायला लागली. मोजणं चुकलं. तिनं पहिल्यापासून सुरुवात केली.

साडेसातला पाहुणे यायला लागले. मास्तरनं पोरांच्या पूलच्या फाटकाला आडवी दोरी बांधली होती आणि ओल्या फडक्यानं बोर्ड पुसून टाकला होता. बावीस वर्षांत तो बोर्ड या वेळेला कोरा कुणी बघितला नव्हता. एक बाप पोराला खांद्यावर घेऊन आला, म्हणाला, "उघडा की हो. काल तर चालू होता."

"काल चालू ठेवायला नको होता," मास्तर म्हणाला. "काल पाण्यात औषध नव्हतं."

"अहो, बोर्डावर तर होतं."

"बोर्डावर मी लिहिलं होतं. मोजलं नव्हतं."

बापानं पोराला खांद्यावरून खाली घेतलं. आणखी दोघं-तिघं थांबली. कुणीतरी मॅनेजरबाईंना बोलावून आणलं, मालिशवालाही स्पाच्या दारात येऊन उभा राहिला. मास्तरनं सगळं सांगितलं, तुटक तुटक, वासाचं, औषध निम्मं केल्याचं. आकड्यांचं सांगताना त्याचा आवाज बरा होता. अडला तो शेवटी.

"पण का?" मॅनेजरबाईंनी विचारलं. "बावीस वर्षं मोजता तुम्ही. का नाही मोजलं?"

समोर बारा-पंधरा माणसं, त्यांची पोरं, नोकरमाणसं. मास्तर टोपी हातात घेऊन उभा.

"मला दिसत नाही," तो म्हणाला.

"किती दिवस?"

"चार महिने झाले."

"म्हणजे चार महिन्यांचे आकडे..."

"मनाचे आहेत, बाई. लाँड्रीचं काही नाही यात. टॉवेलसुद्धा मीच चुकीच्या डब्यात टाकत होतो, ती निवडून धूत होती."

कुणी ओरडलं नाही. ओरडलं असतं तर बरं झालं असतं. एका बाईनं आपल्या पोराचा हात घट्ट धरला आणि ती मास्तरपासून दोन पावलं लांब सरकली, जणू तोच गढूळ पाणी होता. मालिशवाल्याला काही विनोद सुचला नाही. तो आत निघून गेला. मॅनेजरबाईंनी कोऱ्या बोर्डाकडे बघितलं, मग मास्तरकडे.

"पाणी पूर्ण सोडा. नवीन भरा. आणि ते सहा..."

"जातो मी. सहाही दारांवर."

"जावंच लागेल," त्या म्हणाल्या.

तेच जिने तो चढला. बहीण काल कुठल्या दारांपाशी थांबली होती ते त्याला पाठ होतं. पहिल्या दारातल्यांनी ऐकून दार लावून घेतलं. दुसऱ्या दारातले म्हातारे आजोबा म्हणाले, "होतं हो, चालायचंच," आणि ते दार लावण्यापेक्षा वाईट होतं. तिसऱ्या दारात एक आई म्हणाली, "काल एक बाई येऊन माफी मागून गेल्या. रडवेल्या झाल्या होत्या. मी त्यांना बरंच बोलले." मास्तर म्हणाला, "ते माझं होतं." तिला ते कळलं नाही. त्यानं पुन्हा सांगितलं, "ते बोलणं मला ऐकायचं होतं. ते आता बोला."

पाचव्या दारात ती दात पडलेली पोरगी स्वतःच आली. डोळे अजून लालसर, हातात ओला रुमाल. मागून तिची आई येईपर्यंत दोघंच समोरासमोर उभी.

"मी सांगितलं होतं ना," पोरगी म्हणाली, "मासा दिसत नाहीये."

"सांगितलं होतंस."

"मग तुम्ही ओरडलात."

"ओरडलो," मास्तर म्हणाला. आई आली. पुढं तो आईशी जे बोलला ते त्याला नंतर आठवेना. तेवढंच आठवत राहिलं.

मॅनेजरबाईंनी छोटीला एवढंच कळवलं, "तुझं काही नाही, कामाला लाग." सोमवार आला आणि गेला. मास्तरला त्यांनी काढलं नाही. बावीस वर्षांकडे बघून, असं म्हणाल्या. ते ऐकताना मास्तरला वाटलं, त्यातले चार महिने वजा करून बघितलं असतं तर बरं. खडू स्वागतकक्षातल्या एका मुलीच्या हातात गेला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला, दोन्हीकडे. आधी डावा काढू म्हणाले, तारीख तीन आठवड्यांनंतरची. तोपर्यंत मास्तर लाँड्रीत. बहिणीच्या हाताखाली, ओले टॉवेल निवडायला.

काम साधं होतं. डबा फरशीवर ओतायचा, एकेक टॉवेल उचलायचा, पट्टी बघायची. आणि त्याला पट्टीच दिसत नव्हती. म्हणून प्रत्येक टॉवेल वर धरून त्याला विचारावं लागायचं.

"ही कोणती?"

"पांढरी."

"ही?"

"पिवळी."

"ही?"

"पिवळी."

दिवसाला दोन-तीनशे टॉवेल. छोटी मान वर न करता, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघून सांगायची, आणि त्यापलीकडे एक अक्षर बोलायची नाही. लाँड्रीतल्या बाकीच्या बाया आधी तोंडावर पदर धरून हसल्या, मग त्यांनाही सवय झाली. पहिले दोन दिवस प्रत्येक "कोणती"ला मास्तरच्या कानशिलापर्यंत गरम व्हायचं. चार महिन्यांत जे एकदाही विचारलं नाही ते आता तीनशेदा विचारावं लागत होतं.

आठवड्यानं त्याच्या अंगठ्याला एक गोष्ट कळली. पिवळी पट्टी टॉवेलवर नंतर शिवून जोडलेली होती, तिच्या कडेला दोऱ्याचा बारीक उंचवटा होता. पांढरी टॉवेलमध्येच विणलेली, सपाट. अंगठा फिरवला की चुटकीसरशी कळायचं. डोळे लागतच नव्हते. म्हणजे गेले चार महिने, पूलवर, झपाट्यानं दाखवायच्या नादात, नुसता अंगठा फिरवला असता तरी... मास्तरनं तो विचार तिथंच थांबवला. पुढं फार लांब जात होता तो.

आता खरं तर विचारायची गरज नव्हती. पण त्यानं टॉवेल वर धरला.

"ही कोणती?"

"पांढरी."

विचारलं नसतं तर ती दिवसभरात त्याच्याशी बोललीच नसती. तीनशे शब्द का होईना, त्याच्या वाट्याला येत होते. तो विचारत राहिला. एक दिवस, दोन दिवस.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यानं अंगठा फिरवून पिवळी ओळखली आणि टॉवेल वर धरला. "ही?"

छोटीनं इस्त्री बाजूला ठेवली. पहिल्यांदाच मान वर केली.

"अंगठ्यानं कळतं तुला, दादा," ती म्हणाली. "परवापासून बघतेय मी."

मास्तरचा हात तसाच वर राहिला, टॉवेलमधलं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. पुन्हा तेच. पुन्हा तिनं बघितलेलं, आणि पुन्हा त्याला वाटलेलं की कुणाला कळत नाही. टॉवेल खाली घेऊन त्यानं पिवळ्या ढिगावर ठेवला, बरोबर ढिगावर, न विचारता. मग पुढचा उचलला आणि तोही, मान खाली घालून.

छोटीनं इस्त्री पुन्हा हातात घेतली. चादरीची एक घडी झाली, दुसरी झाली.

"विचार तरी," ती म्हणाली, त्याच्याकडे न बघता. "न विचारता करायचास, ते पुरे झालं आता."

मास्तरनं ढिगातून टॉवेल उचलला. अंगठा पट्टीपासून लांब ठेवला.

"ही कोणती, छोटे?"

"पांढरी," ती म्हणाली.